मिठाचं पाणी

आबांना शेळ्यांच्या बाजारात सगळे पारखी म्हणायचे, आणि ते काही उगाच नव्हे. समोर शेळी आली की ते तिच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत, दात बघणं वगैरे पोरासोरांची कामं. ते सरळ तिच्या कमरेवर हात ठेवायचे, अंगठा मणक्याच्या या बाजूला, बोटं त्या बाजूला, डोळे अर्धवट मिटून जरासं दाबायचे, मग छातीच्या हाडाखालून हात फिरवायचे, की झालं. ही कधीपासून खात नाही, हिच्या पोटात जंत आहेत, ही आणखी एक वेत देईल, सगळं सांगून मोकळे. आणि स्वतःची शेळी विकायची वेळ आली की हेच आबा असं काही करायचे की समोरच्या पारख्याचा हात फसलाच पाहिजे. पहाटे मिठाचा खडा चाटवायचा, तहानेनं जनावर वेडं झालं की पाणी, मग परत मीठ, परत पाणी, काट्यावर जाईपर्यंत बोकड नुसता गरगरीत. उंचवट्यावर आपण जनावर घेऊन उभं राहायचं, घेणाऱ्याला उतारावर उभं करायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, घेणाऱ्यानं विचारलं, खाते का नीट, तर आभाळ कोसळलं तरी म्हणायचं, खाते म्हणजे काय, दावं चघळते. घरात हे सगळ्यांना पाठ होतं. धाकटीला तर बोलायला लागल्यापासून.

धाकटी म्हणजे आबांची लेक. आई गेलेली, मोठा भाऊ दादा, त्याची बायको वहिनी, आणि शेळ्या. एवढंच घर.

त्या वर्षी पावसानं असं तोंड फिरवलं की माळावर गवत म्हणून औषधाला उरलं नाही. दिवस उजाडला की धाकटी लांब बांबूला कोयती बांधलेली आकडी खांद्यावर टाकायची आणि शेळ्या घेऊन निघायची, झाड दिसेल तिथं थांबायचं, मान वर करून फांद्या ओढायच्या. डोळ्यांत धूळ, मानेत कळ, तळहातात काटे. फांदी खाली आली की शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून तिच्या हातातूनच पाला ओढायच्या, तिला ढकलून द्यायच्या. आबा बरोबर असायचे. पूर्वी आकडी त्यांच्या हातात असायची. आता ते सावलीला बसायचे आणि तिथून सांगायचे, ती उजवीकडची ओढ, तिला पाला जास्त आहे.

त्यांचं खाणं कमी झालंय हे धाकटीला कधीच कळलं होतं, पण कळणं वेगळं आणि बोलणं वेगळं. आधी सुकं काही उतरेना, तेव्हा म्हणाले दाढ दुखते. मग भात उतरेना, तेव्हा म्हणाले भात कच्चा राहिलाय, आणि वहिनी बिचारी परत परत शिजवून त्याची खळ करायची. मग नुसतं दूध. ते पण पिऊन झालं की आबा उठून गोठ्यामागे जायचे, आणि परत यायचे ते तोंड पुसतच. धाकटी झाडायला गेली की तिला तिथं पायानं माती ओढलेली दिसायची. ती त्या मातीवरून झाडू फिरवायची आणि गप्प राहायची. पायजम्याची नाडी मात्र लपत नव्हती. गाठ मारून खाली लोंबणारी टोकं लांब लांब होत चालली होती, शेवटी आबा ती दोन्ही टोकं कमरेभोवती आणखी एक वेढा देऊन बांधायला लागले. पोट भरलंय गं, एवढंच म्हणायचे.

मग एक दिवस एका शेळीनं त्यांना पाडलं. बोकडानं नाही हां, साध्या गाभण शेळीनं. त्यांनी दोरी धरली होती, तिला पाला दिसला, तिनं हिसडा दिला, आणि आबा दोरीमागे असे गेले जसं दोरीला काही बांधलेलंच नाही. धाकटी धावली, त्यांना उठवायला काखेत हात घातले. शर्टाच्या आत माणूस कुठे आहे हे शोधावं लागत होतं.

त्या संध्याकाळी दादा म्हणाला, उद्या दवाखाना. आबा म्हणाले, शेळ्यांचं कोण बघणार. दादा वहिनीकडे बघून म्हणाला, ही बघेल. वहिनीनं मान डोलावली, आणि पहिल्यांदाच आबांनी वाद घातला नाही. तेव्हाच खरं तर घाबरायला हवं होतं.

मोटारसायकलवर दादा पुढे, आबा मधे, धाकटी मागे, त्यांना दोन्ही हातांनी आवळून. खड्डा आला की आबांच्या पाठीची हाडं तिच्या छातीत रुतायची.

दवाखाना मोठा होता, गर्दीनं फुगलेला. आठवड्यातून एकदा बाहेरून मोठे डॉक्टर यायचे, कापाकापी करणारे. त्यांनी आतून दुर्बीण घालून बघितलं आणि दादाला बाजूला घेऊन सांगितलं की पोटाच्या तोंडाशी गाठ आहे, पण पसरलेली दिसत नाही, काढता येईल. काढता येईल, हे तीन वेळा दादानं येऊन सांगितलं, एकदा धाकटीला, एकदा आबांना आणि एकदा भिंतीला. डॉक्टर आणखीही काही म्हणाले होते. म्हणाले होते, अंगात फार काही दिसत नाही यांच्या, आहाराच्या बाई येऊन बघतील, त्या काय म्हणतात त्यावर ठरवू.

आता इथे खरी गंमत झाली, म्हणजे गंमत कसली. वॉर्डात पेशंटची ढकलगाडी नेणारा एक मामा होता, सगळ्या दवाखान्याच्या बातम्या त्याच्याकडे. त्यानं आबांना गादीवर सरकवता सरकवता सांगितलं की डॉक्टरचं सोडा, त्या आहारवाल्या बाईंना जपा. त्या अंग बघतात, वजन बघतात, आणि त्यांनी मान हलवली की डॉक्टर हातच लावत नाहीत. मागच्या वेळी या खाटेवर होता त्याला असंच घरी पाठवलं, म्हणे आधी अंग भरून आणा. मामानं हे सांगितलं आणि गाडी ढकलत निघून गेला, बातमी देणाऱ्याचं काय जातं.

आबा बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग धाकटीला जवळ बोलावून म्हणाले, "म्हणजे ही घेणारी आहे."

धाकटीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि हसू पण आलं.

बाई आल्या त्या दुसऱ्या दिवशी दुपारी. वयानं वहिनीएवढ्या, शिंप्यासारखी टेप गळ्यात, टाचेला भेग पडलेली त्यामुळे एका पायानं जरा लंगडत. सगळ्या दवाखान्याला त्या एकट्याच. आबांच्या शेजारच्या खाटेवर एक लोहार होता, त्याचंही ऑपरेशन व्हायचं होतं, आतड्याचं. बाई आधी तिकडे गेल्या. आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत त्या लोहाराची बायको जी सुरू झाली. अहो, काही खात नाही हो, घास तोंडात ठेवतो आणि काढून टाकतो, घण उचलणारा माणूस, आता पाण्याचा तांब्या उचलत नाही, बघा ना, बघा, म्हणून तिनं नवऱ्याचा सदराच वर केला आणि सगळ्या वॉर्डासमोर त्याच्या बरगड्या मोकळ्या केल्या. लोहारानं लाजून डोळे मिटून घेतले. आबांनी तोंड फिरवलं आणि धाकटीला हळूच म्हणाले, गेला सौदा. असली माणसं बाजारात आणायचीच नाहीत.

मग बाई इकडे आल्या. स्टूल ओढून बसल्या. विचारायला लागल्या की गेल्या काही महिन्यांत वजन कमी झालंसं वाटतं का. आबा म्हणाले, आमच्याकडे वजनकाटा शेळ्यांना असतो, माणसांना नाही. बाई हसल्या. मग विचारलं, कपडे सैल झालेत का.

"धुऊन धुऊन कापड सैल होतंच की, बाई."

भूक लागते का, तर हो. जेवण किती, तर पोटभर. गिळताना अडकतं का, तर कधीतरी घाईत खाल्लं तर, ते कोणाचं अडकत नाही. बाईंनी त्यांचा दंड हातात घेतला, टेप गुंडाळली, तसे आबांनी मूठ आवळून दंड फुगवला. काय फुगणार त्यात, दोरीला गाठ मारल्यासारखं झालं. बाई म्हणाल्या, सैल सोडा आजोबा. दंड फारच बारीक आहे. आबा म्हणाले, आमच्या घराण्यात सगळ्यांचे असेच, माझा बाप तर याहून बारीक होता आणि खांद्यावरून रेडकू न्यायचा. बाईंनी त्यांच्या कानशिलाजवळ बोट फिरवलं, जिथं खड्डा पडला होता, मग गळ्याच्या हाडावरून. आबा अगदी स्थिर बसले होते. त्यांना ते हात ओळखू येत होते ना. हेच तर ते आयुष्यभर करत आले होते. फरक एवढाच की आज ते दोरीच्या दुसऱ्या टोकाला होते.

बाईंचं समाधान झालं नव्हतं. त्या धाकटीकडे वळल्या. म्हणाल्या, तू सांग बाळा, घरी जेवण तूच देतेस ना. खरंच खातात का हे.

धाकटीच्या डोळ्यांसमोर गोठ्यामागची माती होती. जिभेवर आलंच होतं. पण आबांनी खोकला काढला, बाजारात काढायचे तसाच, बारीक, आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं, "खातात की. सगळं खातात."

बाईंनी थोडा वेळ तिच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, वजनाचा काटा आज बायकांच्या वॉर्डात आहे, उद्या सकाळी आणते, भरती होताना केलेलं वजन आहेच, त्याच्याशी ताडून बघू. आणि लंगडत पुढच्या खाटेकडे गेल्या.

उद्या सकाळी. एवढं ऐकलं आणि आबांचे डोळे असे चमकले की गेल्या कित्येक दिवसांत चमकले नव्हते. दादाला फर्मावलं, जा, खालून मीठ आण. दादानं आधी नकार दिला. म्हणाला, आबा, तुम्ही काय बोकड आहात का. आबा म्हणाले, नाही, बोकडाला डोकं नसतं, त्याला चाटवावं लागतं. आणि दादा हसला, आणि हसला म्हणजे हरलाच. शिवाय त्याच्या मनातही तेच होतं. परत पाठवलं तर परत कधी आणणार, पाला संपत आलेला, रान उजाड होतंय, आणि आबांची नाडी रोज एक बोट लांब होतेय. पास व्हायला हवं होतं. कसंही.

धाकटीनं तांब्यात मीठ ढवळलं. संध्याकाळपासून आबा ते घोट घोट घेत होते. पाणी तेवढं अजून उतरत होतं, सावकाश, थांबून थांबून, प्रत्येक घोटाला गळ्याची घाटी वर जाऊन अडकायची आणि मग खाली यायची. मधेच उमाळा आला तर ते दात आवळून, नाक दाबून धरून ठेवायचे, डोळ्यांतून पाणी यायचं पण तोंडातून नाही. धाकटीनं म्हटलं, पुरे आता. त्यांनी बोट दाखवलं, भर. उजाडायच्या आधी परत तेच. त्यांचे पाय तर आधीपासूनच जरा सुजायचे संध्याकाळी, आता घोट्याची हाडं दिसेनाशी झाली, पावलं पावासारखी फुगली, कातडी तुकतुकीत. आबा त्या पायांकडे बघून खूश होते. बघ, म्हणाले, मांस चढलं.

बाई काटा घेऊन आल्या. आबा खाटेवरून उतरले ते कोणाचा हात न धरता. काट्यावर चढले. बाईंनी वाकून बघितलं, कागद बघितला, परत बघितलं. वाढलंय की, म्हणाल्या. थोडंसं नाही, बऱ्यापैकी. त्यांना नवलच वाटलं. आबा काट्यावर असे उभे होते की बस, जणू त्यांच्या गळ्यात कोणी हार घालणार आहे. बाई खाली बसल्या, त्यांनी आबांच्या पायाकडे बघितलं आणि नडगीवर दाबून बघायला अंगठा पुढे केला.

आणि धाकटी बोलली. कोणी खोकलं नव्हतं, कोणी खुणावलं नव्हतं. ती आपण होऊन म्हणाली की गाडीवर इतक्या लांब पाय लोंबकळत ठेवून आले ना, म्हणून सुजलेत, आणि डावा मुरगळलाय पण, दाबलं की ओरडतात. आबांनी लगेच पाय मागे घेतला आणि स्स केलं. तेवढ्यात पलीकडून सिस्टरनं बाईंना हाक मारली, कोणाची तरी नळी निघाली होती. बाईंचा अंगठा हवेतच राहिला. त्या उठल्या, गुडघा झटकला, म्हणाल्या, बरं, पाय उशीवर ठेवा, आणि गेल्या.

संध्याकाळी कळलं की आबांची तारीख लागली. मोठे डॉक्टर पुढच्या फेरीला आले की पहिलं ऑपरेशन त्यांचंच. आणि लोहाराला थांबवलं. त्याच्या नाकातून बारीक नळी घातली, डब्यातली पांढरी पावडर पाण्यात कालवून दिवसभर त्या नळीतून सोडायला लागले, घोटाघोटानं. त्याची बायको रडत होती की आम्हाला मागे टाकलं. आबांना तिची दया आली. त्यांनी धाकटीला सांगितलं, जा, तिला म्हण रडू नकोस, पुढच्या बाजाराला होतं एखाद्याचं. धाकटी खरंच जाऊन म्हणाली. लोहारीण म्हणाली, तुमचे वडील नशीबवान गं.

मधल्या दिवसांत धाकटी आणि वहिनी आळीपाळीनं. एक दवाखान्यात, एक शेळ्यांमागे. दवाखान्यात असली की खाटेखाली झोपायचं, सकाळी पहारेकरी काठी आपटत यायचा, उठा उठा, हे काय लग्नघर आहे का, मग संडासाच्या नळावर भांडी घासायची, त्याच नळावर बाया कपडे धुवायच्या आणि हिला कोपरानं ढोसायच्या. घरी असली की आकडी. जवळची झाडं सगळी बोडकी झाली होती, लांब जावं लागायचं, दोन शेळ्या वाटेतच बसल्या त्या उठल्या नाहीत. पण धाकटीला त्या दिवसांत थकवा असा वाटलाच नाही. फांदी ओढता ओढता ती मनात म्हणायची, पास झाले, पास झाले. दवाखान्यातून आबांसाठी जेवणाचं ताट यायचं, बाईंनी साधं जेवण लिहिलं होतं, सगळं खाणाऱ्या माणसाला साधंच जेवण लिहिणार ना. आबा ते ताट समोर घेऊन बसायचे, सिस्टर जाईपर्यंत घास चिवडायचे, मग ते धाकटी खायची. खाली बसून, पाठ वळवून. तिला भूक लागलेली असायची. ते अन्न गोड लागायचं, आणि ही गोष्ट तिनं पुढे कोणालाच सांगितली नाही.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, चांगलं झालं, आता सगळं भरून येण्यावर आहे. दादानं तिथेच व्हरांड्यात बसकण मारली आणि हातात तोंड घेऊन रडला, आनंदानं. आबा शुद्धीवर आले तेव्हा पहिला प्रश्न, काढली का. काढली, आबा. मग ते हसले.

पण भरून येईना. काय सांगायचं, भरून येईचना. पोटावरची जखम भात्यासारखी, श्वास घेतला की टाके ताणायचे. सिस्टर पट्टी बदलायला यायची आणि कापूस ओला निघायचा. आधी पाण्यासारखं, मग पिवळट, मग त्याला वास यायला लागला. टाके सुटायला लागले, म्हणजे धागा तुटला नाही, धागा तिथेच, कातडीच त्याला धरेना. सडक्या कापडाला शिवण मारावी तसं. मग ताप. आतला जोडही गळतोय असं डॉक्टरांच्या बोलण्यात आलं. तोंडानं काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असं बजावलं. हाताला सलाईन, आणि त्या सलाईनच्या पाण्यानं हात सुजले, पाय सुजले, आणि बाकी सगळा माणूस मात्र आत आत जाऊ लागला.

डॉक्टरांनी बाईंना बोलावलं. बाई आल्या, या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. पांघरूण काढलं, नडगीवर अंगठा ठेवला आणि दाबून धरला. उचलला तेव्हा खळगा तसाच राहिला. ओल्या मातीत बोट रोवावं तसा. बाई त्या खळग्याकडे बघत राहिल्या, तो भरायची वाट बघत असल्यासारख्या. मग त्यांनी धाकटीला बाहेर व्हरांड्यात नेलं.

कधीपासून खात नव्हते, एवढंच विचारलं. आवाज चढवला नाही. आणि धाकटीनं सगळं सांगून टाकलं. दाढ दुखते तिथपासून, भाताची खळ, गोठ्यामागची माती, नाडी, शेळीनं पाडलं ते, मिठाचं पाणी, पाय मुरगळला नव्हता ते. बोलता बोलता तिचं तिलाच ऐकू येत होतं की हे किती आहे, किती दिवसांचं आहे. शेवटी म्हणाली, तुम्ही नापास कराल म्हणून.

बाई व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसल्या. टेप गळ्यातून काढून हातात गुंडाळत राहिल्या.

"मी नापास करायला येत नाही गं," त्या म्हणाल्या. "ज्याच्या अंगात काही उरलं नाही त्याला आधी खायला घालायचं, नळीनं घालायचं, मग कापायचं. जखम भरायला अंगात काहीतरी लागतं ना. कोण उपाशी आहे ते शोधायचं, एवढंच माझं काम आहे. त्या लोहाराला घातलं, तसं यांना घातलं असतं."

धाकटीनं दारातून आत लोहाराच्या खाटेकडे बघितलं.

"दंड हातात होता माझ्या," बाई म्हणाल्या. "दिसत होतं मला. काट्यानं मला फसवलं म्हणते मी, पण दंड तर माझ्या हातात होता." आणि त्या उठल्या, डोळे पुसले नाहीत, तशाच आत गेल्या, कारण पलीकडच्या वॉर्डात कोणीतरी वाट बघत होतं.

आता नळी घालता येत नव्हती, आतला जोडच फुटलेला. शिरेतून द्यायचं अन्न इथं मिळत नव्हतं आणि मोठ्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता हे अंग सोसणार नाही असं डॉक्टर म्हणाले. लोहाराचं ऑपरेशन मधल्या फेरीत झालं. तो आता बायकोच्या खांद्यावर हात ठेवून वॉर्डात फेऱ्या मारायचा, गालावर मांस आलेलं, आणि आबांच्या खाटेपाशी आला की पावलं हळू टाकायचा, आवाज होऊ नये म्हणून. तेच जास्त लागायचं.

एका सकाळी धाकटी ओल्या कापसाच्या बोळ्यानं आबांचे ओठ पुसत होती. नुसते ओले करायचे, आत थेंब जाऊ द्यायचा नाही. आबांनी डोळे उघडले. तिच्याकडे बघून अगदी बारीक आवाजात म्हणाले, लहान मूल सांगतं तसं, "भूक लागलीय गं."

तिनं आयुष्यात त्यांच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. कशाची, तिनं विचारलं, वेड्यासारखंच. ते म्हणाले, भाताची. जरा विचार करून म्हणाले, गरम. आणि ती तिथं बसलेली, एका हातात पाण्याची वाटी, एका हातात कापूस, आणि देण्यासारखं जगात काही नाही.

तेवढ्यात फेरी आली. मोठे डॉक्टर, मागे सिस्टर, बाई, दोन शिकाऊ डॉक्टर, दारात ढकलगाडीवाला मामा. आबांना ते दिसले आणि काय त्या माणसाची हिंमत, त्यांनी कोपर टेकवून उठायचा प्रयत्न केला. उठता आलं नाही, पण मान उचलली. चेहरा बाजारातला केला. डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणता आजोबा, कसं काय वाटतंय. आबा म्हणाले, झकास. पोट भरल्यासारखं आहे. उद्या परवा सोडा घरी, शेळ्या आहेत.

शिकाऊ डॉक्टरांतला एकजण हसला. डॉक्टरांनी मान डोलावली, पुढे निघाले.

आणि धाकटी उभी राहिली. "खोटं आहे," ती म्हणाली, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्यानं. "भूक लागलीय त्यांना. वर्ष झालं लागलीय. काही खाल्लेलं नाही त्यांनी. नुसती हाडं आहेत, बघा, बघा हवं तर." आणि तिनं पांघरूण ओढलं. पट्टीच्या वरच्या बरगड्या, खड्डे, सगळं उघडं पडलं.

डॉक्टर थांबले. त्यांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी खाली. डॉक्टर परत आले, त्यांनी स्वतःच्या हातानं पांघरूण आबांच्या गळ्यापर्यंत नीट ओढलं, धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि पुढच्या खाटेकडे गेले. करण्यासारखं काही असतं तर थांबले असते. ते माहीत होतं सगळ्यांना. फक्त आबांना वाटलं की हिच्यामुळे गेले.

ते धाकटीकडे बघत होते. रागानं नाही. बाजारात ऐन बोलीच्या वेळी आपल्याच घरच्या माणसानं तोंड उघडावं, तेव्हा माणूस कसा बघतो, तसं. मग त्यांनी हळूहळू मान भिंतीकडे वळवली. वळवायला फार वेळ लागला.

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. दादा आला की त्याला शेळ्यांचं विचारायचे, कोणती व्याली, पाला कुठून आणता. सिस्टरशी बोलायचे. मामाशीसुद्धा. वहिनीला म्हणाले, तुझा भात कधी कच्चा नव्हता, मी आपला म्हणायचो, आणि वहिनी तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. धाकटी पायाशी बसलेली असायची आणि ते तिच्यावरून नजर अशी नेत जशी तिथं खाटेचा पाय आहे. डॉक्टरांनी दादाला सांगून ठेवलं होतं की आता आज-उद्याचंच आहे. दादानं ते तिला सांगितलं, आणि म्हणाला, जा, बोल त्यांच्याशी. ती म्हणाली, मी बोलते की. ते बोलत नाहीत.

शेवटच्या सकाळी त्यांचे ओठ फाटून त्यातून रक्त यायला लागलं होतं. धाकटीनं कापूस ओला केला, पिळला आणि त्यांच्या ओठांशी नेला. तिला वाटलं झोपेत आहेत. पण बोळा लागला तसे त्यांनी ओठ घट्ट मिटले. तिनं थांबून परत लावला. त्यांनी दात आवळले, गालाची हाडं वर आली, सगळ्या अंगात जेवढी ताकद उरली होती ती तिथं आणून त्यांनी तोंड बंद ठेवलं. आबा, ती म्हणाली, आबा, नुसतं पाणी आहे.

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

ती थोडा वेळ तशीच ओणवी राहिली. मग तिनं बोळा वाटीत ठेवला, वाटी झाकली, आणि खाटेखाली झोपलेल्या दादाला हलवून म्हणाली, ऊठ, तू पाज. तुझ्या हातनं घेतील.